निळ्या समुद्रात लाल दगड? पॅनल इंटरव्ह्यूला खरं काय विचारतात आणि तयारी कुठून सुरू करायची

"निळ्या समुद्रात लाल दगड टाकला तर काय होईल?"

उत्तर : ओला होईल.

मागे जोशपूर्ण म्युझिक, टाय लावलेला एक मुलगा, टेबलापलीकडे तीन गंभीर साहेब आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आयएएस इंटरव्ह्यूमध्ये विचारला हा प्रश्न, 99 टक्के लोक चुकले!' हे रील तुमच्यासमोर येऊन गेलंच असणार. नसेल तर फॅमिली ग्रुपवर एखाद्या काकांनी फॉरवर्ड केलं असेल.

आता यातली गंमत अशी आहे की यूपीएससी असो की एमपीएससी, मुलाखतीच्या खोलीतलं शूटिंग आयोग यूट्यूबवर टाकत नाही. उमेदवाराला मोबाईल घेऊन आत जाता येत नाही. म्हणजे तुम्ही जे काही बघता ते एकतर क्लासवाल्यांनी घेतलेले मॉक इंटरव्ह्यू असतात, नाहीतर सरळ सरळ पैसे देऊन उभे केलेले कलाकार. व्ह्यूज मिळतात, विषय संपला.

पण नुकसान होतं ते वेगळ्याच माणसाचं. पाच-सहा वर्षं सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर राहून, मेसची पातळ आमटी खाऊन ज्याने मेन्स काढलीय, त्याच्या डोक्यात हे बसतं की पॅनल म्हणजे आपल्याला कोड्यात अडकवायला बसलेली माणसं. मग तो कोडी सोडवत बसतो. आणि प्रत्यक्ष खोलीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "तुमच्या तालुक्याची बाजारपेठ कशासाठी प्रसिद्ध आहे?"

तिथे गाडी अडकते.

या अर्ध्या तासाला एवढं महत्त्व का?

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेचं गणित असं आहे. मेन्सचे 1750 मार्क, मुलाखतीचे 275, एकूण 2025. एमपीएससीच्या राज्यसेवेला आधीच्या पॅटर्नमध्ये मेन्स 800 आणि मुलाखत 100 मार्कांची होती. वर्णनात्मक पॅटर्न आल्यावर तिथेही 1750 अधिक 275 असंच झालं. म्हणजे राज्यसेवेची मुलाखत आधी एकूण मार्कांच्या 11 टक्के होती, ती आता साडेतेरा टक्क्यांच्या वर गेली.

टक्के ऐकून फार वाटत नाही. पण नागरी सेवा परीक्षा 2024 चे पहिले तीन बघा. लेखी परीक्षेत शक्ती दुबे यांना 843, हर्षिता गोयल यांना 851 आणि आपल्या पुण्याच्या अर्चित डोंगरे यांना 848 मार्क होते. म्हणजे लेखीपुरतं बोलायचं तर शक्ती दुबे या तिघांत शेवटी. मुलाखतीत मात्र त्यांना 200 मिळाले, डोंगरेंना 190 आणि गोयल यांना 187. बेरीज झाली 1043, 1038 आणि 1038. लेखीत तिघांत मागे असलेली उमेदवार मुलाखतीच्या जोरावर देशात पहिली आली.

ही झाली टॉपची गोष्ट. खरी मारामारी असते ती लिस्टच्या शेवटच्या टोकाला. एमपीएससी साधारणपणे एका जागेमागे तीन उमेदवार मुलाखतीला बोलावते, यूपीएससी जागांच्या साधारण दुप्पट. म्हणजे मुलाखतीला बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण घरी परतणार हे आधीच ठरलेलं असतं. एकेका मार्कावर कुणी तहसीलदार होतं आणि कुणी पुन्हा प्रिलिमच्या पुस्तकांची धूळ झटकतं. त्यात मुलाखतीची तारीखच लवकर लागली नाही तर होणारी घुसमट वेगळी. 2021 मध्ये मेन्स पास होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या पुण्यातल्या एका तरुणाने आयुष्य संपवलं, तेव्हा हा विषय थेट विधिमंडळात गाजला होता.

मग एवढे मार्क चार-पाच माणसांच्या हातात द्यायचेच कशाला?

हा प्रश्न कट्ट्यावरच नाही, सुप्रीम कोर्टातही विचारून झालाय.

1981 मध्ये अजय हासिया केस आली. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशासाठी 150 पैकी 50 मार्क तोंडी परीक्षेला ठेवले होते. कोर्टाने सांगितलं, तोंडी परीक्षेला 15 टक्क्यांपेक्षा जास्त मार्क ठेवणं मनमानी ठरेल. पुढे 1985 मध्ये अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा सरकार ही केस गाजली. हरियाणात सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचं वजन 22.2 टक्के आणि माजी सैनिकांसाठी 33.3 टक्के होतं. कोर्टाने ते जास्त ठरवलं आणि त्या वेळी यूपीएससीत असलेल्या 12.2 टक्क्यांचं माप पुढे ठेवलं.

याच निकालात आणखी एक भारी मुद्दा आहे. आयोगाच्या सदस्याचा जवळचा नातेवाईक मुलाखतीला आला, तर त्या सदस्याने त्याच्या मुलाखतीतून बाजूला व्हायचं आणि त्याच्याबद्दलच्या चर्चेतही भाग घ्यायचा नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

केंद्र सरकारने तर 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद करून टाकल्या. वशिला आणि पैसे चालायची जागा मुलाखत हीच, हे त्यामागचं कारण होतं. म्हणजे मुलाखतीवर संशय घेणारा माणूस काही वेडा नाही. पण मोठ्या पदांसाठी ती ठेवली गेलीय, कारण जो माणूस उद्या जमावासमोर उभा राहणार, त्याला बोलताना एकदा तरी बघावं लागतं.

पॅनल ठेवण्यामागचा विचारही हाच आहे. एकच माणूस समोर असेल तर त्याचा मूड, त्याची आवड, त्याचा गाव सगळं निकालात उतरतं. चार-पाच जण असले की एकाचा झुकाव दुसरा ओढून धरतो. पूर्णपणे नाही, पण बराचसा.

टेबलापलीकडे कोण बसलेलं असतं?

यूपीएससीच्या बोर्डाचे अध्यक्ष आयोगाचे एक सदस्य असतात आणि त्यांच्यासोबत साधारण चार तज्ज्ञ. हे तज्ज्ञ वेगवेगळ्या क्षेत्रांतले. कुणी निवृत्त अधिकारी, कुणी प्राध्यापक, कुणी विषयातला जाणकार. आपलं बोर्ड कोणतं हे उमेदवाराला त्याच दिवशी कळतं. आणि बोर्डासमोर तुमचे लेखीचे मार्क नसतात. त्यामुळे 'मला मेन्सला कमी असतील म्हणून ते असं बघत होते' वगैरे डोक्यातून काढून टाकलेलं बरं. एमपीएससीतही आयोगाचे सदस्य अध्यक्षस्थानी आणि सोबत तज्ज्ञ, असाच साचा असतो.

सुरुवात बहुतेक वेळा अध्यक्ष करतात. सोपं काहीतरी विचारतात, घाम पुसायला वेळ देतात. मग एकेक सदस्य आपली फेरी घेतो आणि शेवटी चेंडू पुन्हा अध्यक्षांकडे येतो. पण मधे कुणीही कुणाच्या प्रश्नात उडी मारू शकतं, आणि एकट्याच्या इंटरव्ह्यूपेक्षा इथेच वेगळेपण येतं.

समजा, डावीकडच्या मॅडमनी शेतकरी कर्जमाफीवर विचारलं. तुम्ही बाजूने बोललात. उजवीकडचे सर लगेच म्हणतात, "म्हणजे प्रामाणिकपणे हप्ते भरणारा मूर्ख?" अशा वेळी दोन चुका हमखास होतात. पहिली, लगेच पलटी मारायची, "नाही सर, तुमचंही बरोबर आहे." मग मॅडम भुवया उंचावतात. दुसरी, सरांशी वादच घालत बसायचं. मधला रस्ता असा, की सरांचा मुद्दा आधी नीट मान्य करायचा. नियमित फेडणाऱ्यावर अन्याय होतो, बँकेची शिस्त बिघडते, हे खरंच आहे. मग आपलं मत कोणत्या परिस्थितीपुरतं आहे ते सांगायचं, म्हणजे सलग दुष्काळ पडला तर किंवा पीकविमा हातात पडला नाही तर. मत तेच राहतं, फक्त त्याला कडा येतात. पॅनलला बघायचं असतं ते हेच.

नजरेचंही तसंच. प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून उत्तर सुरू करायचं, मधे एकदा बाकीच्यांवरून नजर फिरवायची, शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे. एक जण तुमच्याकडे न बघता कागदावर काहीतरी लिहीत बसलेला असेलच. तो काय लिहितोय याचा विचार करायला लागलात की पुढचा प्रश्न कानावरून जातो.

तयारी सुरू होते ती स्वतःच्या अर्जापासून

यूपीएससीने आपल्या नियमांत स्वच्छ लिहून ठेवलंय की ज्ञानाची परीक्षा लेखीत झालेली आहे, मुलाखत त्यासाठी नाही. उलटतपासणीचा थाटही नको. दिशा असलेल्या, पण सहज गप्पा हव्यात आणि त्यातून उमेदवाराची सजगता, तर्क, समतोल, आवडीनिवडींची खोली आणि सचोटी दिसावी. आणि बोर्डासमोर उमेदवाराच्या आजवरच्या वाटचालीची नोंद ठेवलेली असेल, असंही त्यातच आहे.

ती नोंद म्हणजे तुम्ही भरलेला अर्ज. प्रश्नपत्रिका तुम्हीच सेट केलेली असते, फक्त आपण काय लिहिलं होतं ते आपल्याला आठवत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा एक मुलगी आहे. गाव बार्शी, जिल्हा सोलापूर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून बीएससी ॲग्री. छंदाच्या रकान्यात कबड्डी. पदवीनंतर चार वर्षं फक्त अभ्यास.

एवढ्या चार ओळींतून अख्खा इंटरव्ह्यू निघतो.

बार्शीपासून सुरू करा. भगवंताचं मंदिर आणि तुरीची बाजारपेठ हे कुणीही सांगेल. पॅनलमधला एखादा इतिहासाची आवड असलेला माणूस रेल्वेवर येईल. बार्शी लाईट रेल्वे 1897 ला सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभारली, अडीच फुटी नॅरोगेज होती. कुर्डुवाडी स्टेशनला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. आज तिथे ब्रॉडगेज आहे. मग येतो खरा प्रश्न, "रेल्वे एवढ्या लवकर आली, तरी बार्शीत मोठे उद्योग का नाहीत?" याचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये छापलेलं नाही. पाणी, कच्चा माल, पुणे-सोलापूर हायवेपासूनचं अंतर, बाहेर जाणारी पोरं, असं स्वतः बसून जुळवावं लागतं. गावातल्या एखाद्या जुन्या व्यापाऱ्याशी तासभर बोललं तर क्लासच्या नोट्सपेक्षा जास्त मिळेल.

तूर आली की तिथून शेती आली. तुरीवरचा मर रोग कशामुळे? बुरशीमुळे, फ्युजारियम. हे ॲग्रीवाल्या मुलीला आलंच पाहिजे, नाही आलं तर मात्र मार्क जातात. कारण स्वतःची पदवी विसरलेला उमेदवार पॅनलला आवडत नाही. पुढे, हमीभाव कोण ठरवतं? इथे बरेच जण घाईत 'कृषी मूल्य आयोग' म्हणून मोकळे होतात. आयोग फक्त शिफारस करतो, ठरवतं केंद्र सरकार. मग, "हमीभाव जाहीर होऊनही बाजार समितीत तूर त्याच्या खाली का विकली जाते?" आता गाडी पुस्तकातून वडिलांच्या शेतात आली. घरी तूर लावत असतील तर आडत, प्रतवारी, ओलावा मोजणं, खरेदी केंद्राच्या रांगा हे सगळं तिने डोळ्यांनी बघितलेलं असतं. ते बोलायला लाज वाटू नये.

"ॲग्री करून प्रशासनात कशाला? सरकारने तुमच्यावर केलेला खर्च वाया नाही का गेला?" हा तर पेटंट प्रश्न. इंजिनिअर, डॉक्टर, ॲग्री, सगळ्यांना पडतो. 'समाजसेवा करायची आहे' हे उत्तर पॅनलने त्या दिवशी सकाळपासून सात वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत रोजचं निम्मं काम जमिनीचं आणि पिकाचं असतं, पिकांची पैसेवारी काढावी लागते, तिथे आपली पदवी कशी कामाला येईल हे सांगणं केव्हाही चांगलं.

मग छंद. रकाना रिकामा दिसतो म्हणून लोक वाचन, प्रवास, क्रिकेट बघणं असलं काहीही टाकतात. वाचन लिहिलं की शेवटचं पुस्तक कोणतं आणि त्यातलं काय पटलं नाही, हे येणारच. कबड्डी लिहिली असेल तर एका संघात मैदानावर 7 खेळाडू, बोनस रेषा, एशियाडमध्ये कबड्डी 1990 च्या बीजिंगपासून, ही झाली जुजबी माहिती. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं होतं, हे सांगता आलं तर टेबलापलीकडचे दोन जण नक्की मान वर करतील. पण त्याहून भारी म्हणजे, "तुम्ही रेडर की डिफेंडर?" या प्रश्नावर चेहऱ्यावर आपोआप येणारं हसू. खरा छंद असेल तर ते येतं. खोटा असेल तर घाम येतो.

आणि शेवटचा रकाना, गॅप. चार वर्षं काय केलं? इथे लोक उगाच सारवासारव करतात. 'सोबत सामाजिक काम करत होतो' म्हटलं की कोणतं, कुठे, किती जणांसोबत, असे तीन प्रश्न आलेच. चार वर्षं अभ्यास केला, दोन वेळा मेन्सला अडकले, दुसऱ्या वेळी काय चुकलं ते कळलं आणि बदललं, असं सरळ सांगितलेलं कुणालाही समजतं. पॅनलमध्येही अशाच परीक्षा देऊन आलेली माणसं असतात. मुलींना या प्रश्नाला जोडून कधी कधी लग्नाचं, घरच्यांच्या दबावाचं विचारलं जातं. तो प्रश्न मुलांना का पडत नाही, हा वाजवी सवाल आहे. पण तो खोलीत उकरण्यापेक्षा एका ओळीत शांत उत्तर देऊन पुढे गेलेलं बरं, कारण त्या अर्ध्या तासात वेळ तुमचा जातोय.

हे सगळं करायला काय लागतं? अर्जाची प्रिंट, पेन्सिल आणि चार-पाच संध्याकाळी. प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची. नावाचा अर्थ, आडनाव कुठून आलं, जन्मतारखेला काय घडलं होतं, शाळेला ज्यांचं नाव आहे ते कोण, जिल्ह्याचे प्रश्न कोणते. प्रत्येक रेघेतून काय, का आणि 'मग तुम्ही काय केलं असतं' असे तीन प्रश्न काढायचे. हे दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

वाळूचा ट्रक आणि आमदारांचा फोन

राज्यसेवेच्या मुलाखतीचा विषय निघाला आणि हा प्रश्न निघाला नाही असं होत नाही. "तुम्ही तहसीलदार आहात. रात्री दोन वाजता वाळूचा ट्रक पकडला. आमदारांचा फोन आला, आपला माणूस आहे, सोडून द्या. काय कराल?"

सिनेमा बघून आलेला उमेदवार म्हणतो, "सर, मी फोन कट करेन." जास्त व्यवहारी असलेला म्हणतो, "वरिष्ठांना विचारेन." दोन्ही उत्तरांत अधिकारी कुठेच नाही.

इथे पॅनलला कायदा माहीत आहे का आणि माणूस सांभाळता येतो का, दोन्ही बघायचं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 48. पोटकलम 7 प्रमाणे विनापरवाना गौण खनिज काढलं किंवा नेलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, पोटकलम 8 प्रमाणे वाहन जप्त करायची तरतूद. म्हणजे पंचनामा सुरू झाला की तो ट्रक तहसीलदाराच्या मर्जीचा राहत नाही, कागदावर येतो. आमदार लोकांचे प्रतिनिधी आहेत, त्यांचा फोन घ्यायचा, नीट ऐकायचं, "साहेब, पंचनामा झालाय, परवाना असेल तर सकाळी दाखवायला सांगा, लगेच बघतो" एवढं सांगायचं. सोबत एकटं जायचं नाही, पोलीस पथक घ्यायचं, कारण वाळूच्या कारवाईत महसूलच्या लोकांवर हल्ले झालेले आहेत. जे घडलं ते वरिष्ठांना कळवून ठेवायचं, परवानगीसाठी नाही, माहितीसाठी.

मग पॅनल स्क्रू आवळतं. "ट्रक सोडला नाही तर महिनाभरात बदली होईल." यावर छाती ठोकायची गरज नाही. बदली हा नोकरीचा भाग आहे, जिथे जाईन तिथेही कलम 48 असेलच, एवढं हसत म्हटलं तरी चालतं.

'माहीत नाही' कसं म्हणायचं

येत नसेल तर "माफ करा सर, मला हे माहीत नाही" म्हणायचं आणि थांबायचं. लोक थांबत नाहीत, तिथेच घोळ होतो. "बहुतेक असं असावं" करत तीन वाक्यं वाढवतात आणि त्या तीन वाक्यांवर आणखी चार प्रश्न पडतात. अंदाज बांधता येत असेल तर आधी विचारून घ्यावं, "अंदाज सांगू का?" हो म्हणाले तर सांगायचा. पण सलग सहा-सात प्रश्नांना माहीत नाही म्हणत असाल, तेही आपल्याच जिल्ह्याबद्दल आणि आपल्याच विषयाबद्दल, तर तो प्रामाणिकपणा राहत नाही, तयारी कमी पडलेली असते.

भाषेचा बागुलबुवाही बराच मोठा केलेला आहे. यूपीएससीची लेखी परीक्षा मराठीतून दिली असेल तर मुलाखत मराठीतून, इंग्रजीतून किंवा हिंदीतून देता येते. मराठी निवडली की दुभाषा मिळतो. मात्र मग बोलण्याची लय बदलावी लागते. लांबलचक वाक्य टाकलं तर दुभाष्याच्या तोंडून ते अर्धंच बाहेर येतं. छोटी वाक्यं, एका वेळी एक मुद्दा, मधे थांबणं. मित्राला दुभाषा करून याची घरीच प्रॅक्टिस करता येते. एमपीएससीत मराठीचं टेन्शन नाही, पण 'बेसिकली' आणि 'ॲक्च्युअली' यांनी प्रत्येक वाक्य सुरू करणारे तिथेही असतात.

मॉक इंटरव्ह्यू द्यावेत का? द्यावेत, पण तीन-चार पुरे. पहिल्या मॉकमध्ये पाय हलतो, पेन टकटक करतो, आवाज शेवटी पडतो, हे कळतं. त्यासाठी मॉक सोन्यासारखे. पंधरा मॉक दिले की मात्र प्रत्येक पॅनलने वेगवेगळा सल्ला दिलेला असतो. एक म्हणतो जास्त हसता, दुसरा म्हणतो हसत नाही. शेवटी उमेदवार पंधरा जणांचं मिळून एक उत्तर तयार करतो आणि ते रेकॉर्ड लावल्यासारखं वाजतं. जे रोज मॉक घेतात, त्यांना आणि खऱ्या पॅनललाही ते पहिल्या मिनिटात ओळखू येतं. त्यापेक्षा रूमवरच्या तिघांना टेबलापलीकडे बसवायचं, एकाला मुद्दाम विरोध करायला सांगायचं आणि मोबाईलवर शूट करून स्वतःच बघायचं. बघताना लाज वाटते, पण फुकट आहे.

कपड्यांवर यूट्यूबने तास-तास घालवलेत. इस्त्री केलेला, अंगाला बसणारा आणि आधी दोन-तीनदा घातलेला पोशाख. झालं.

बँक आणि प्रायव्हेटवाल्यांचं काय?

आयबीपीएसच्या पीओ भरतीत मुलाखत 100 मार्कांची असते आणि अंतिम यादीत लेखी आणि मुलाखतीचं वजन 80 आणि 20. त्यात पास होण्यासाठी किमान 40 टक्के, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना 35 टक्के लागतात. म्हणजे लेखीत कितीही तारे तोडले तरी इथे नापास झालात तर बाहेर. पॅनल मात्र तसंच, अर्ज समोर ठेवून गप्पा मारणारं. फक्त वाळूच्या ट्रकऐवजी थकीत कर्ज, आणि आमदारांऐवजी ओरडणारा खातेदार.

कंपन्यांमध्ये आता वेगळा प्रकार वाढलाय. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तराला ठरलेल्या मापाने गुण. यामागे संशोधन आहे. 1998 मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 85 वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. माणूस पुढे कामात कसा निघेल याचा अंदाज बांधण्यात आखीव मुलाखतीचा आकडा 0.51 आला आणि मोकळ्या गप्पांचा 0.38. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशोब दुरुस्त केला, आकडे खाली आले, पण आखीव मुलाखत 0.42 सह सगळ्यात वर राहिली.

त्यामुळे कंपनीच्या पॅनलने "एखादा प्रसंग सांगा जेव्हा टीममध्ये भांडण झालं" असं छापील वाटणारं विचारलं तर नाराज व्हायचं कारण नाही. तेच तुमच्या फायद्याचं आहे. प्रसंग काय होता, तुमच्याकडे काय जबाबदारी होती, तुम्ही नेमकं काय केलं, शेवटी काय झालं. असे खरेखुरे चार-पाच प्रसंग आधी लिहून ठेवले की निम्म्या प्रश्नांना पुरतात. 'आम्ही केलं' किती वेळा आणि 'मी केलं' किती वेळा म्हणताय, याकडे पॅनलमधला एक जण तरी लक्ष देऊन असतो. ऑनलाईन पॅनल असेल तर स्क्रीनवरच्या चेहऱ्यांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघायचं, नाव घेऊन उत्तर द्यायचं, आणि घरातल्यांना सांगून ठेवायचं की तासभर मिक्सर लावू नका.

खोलीतून बाहेर पडताना पॅनल हसलं म्हणून मार्क वाढत नाहीत आणि गंभीर राहिलं म्हणून कमी होत नाहीत. अध्यक्ष थँक्यू म्हणाले की उठायचं, सगळ्यांना नमस्कार करायचा, खुर्ची सरकवताना आवाज करायचा नाही. बाहेर आल्यावर फोन चालू झाला की पहिला मेसेज येतो, "काय काय विचारलं रे?" त्याला उत्तर द्यायच्या आधी जवळच्या चहाच्या टपरीवर बसून सगळे प्रश्न आठवतील त्या क्रमाने वहीत उतरवून घ्यायचे. संध्याकाळपर्यंत निम्मे विसरलेले असतात, आणि पुढच्या वेळी स्वतःला किंवा रूममेटला लागणार ते हेच.